घरातील पोथी आणि मुलांचे वाचन

शाळा गावोगाव पोहोचण्याआधी महाराष्ट्रातील साक्षर घरांत मुलांचे वाचन पोथीवर पक्के होई. कवी श्रीधरांचा ‘हरिविजय’ १७०२ मध्ये, तर ‘पांडवप्रताप’ १७१२ मध्ये पूर्ण झाला. चातुर्मासात असे ग्रंथ घरोघरी लागत. हस्तलिखितात शब्द सलग लिहिलेले असत. ‘तीनआली’ म्हणजे ‘तीन आली’ की ‘ती न आली’, हे मागचापुढचा संदर्भ कळल्याशिवाय ठरत नसे. त्यामुळे अर्थ समजणे ही वाचनाची पहिलीच पायरी होती. ओवी वाचायची, थांबायचे, अर्थ सांगायचा, अडल्यास वडीलधाऱ्यांनी उलगडायचे, असा क्रम असे. ओळखीची कथा आणि ओवीची लय मुलाला आधार देत. पुढे छपाईमुळे शब्द सुटे झाले, वाचन सोपे झाले. अर्थासाठी थांबण्याची ही रीत मात्र पोथीबरोबर टिकली.