लंडनचे दोन पूल आणि थेम्सचा तळ

इ. स. १२०९ मध्यें पुरा झालेला लंडनचा जुना पूल म्हणजे थेम्स नदींतला अर्धा बांधच होता. खांबांचे पाय पाणी उकरी, म्हणून त्यांभोंवतीं खुंट ठोकून दगड भरीत. डागडुजीगणिक हे ओटे रुंदावले. कमानींखालीं कोंडलेलें पाणी अधिकच वेगानें धांवून तळ खरवडूं लागलें. उपायानेंच रोग बळावला!

१८३१ मध्यें शेजारीं नवा पूल झाल्यावर जुना पाडला, आणि फटका बसला तो वरच्या अंगास असलेल्या वेस्टमिन्स्टर पुलाला. १७५० सालच्या ह्या पुलाचे खांब लाबेली नांवाच्या स्विस स्थपतीनें लांकडी पेट्यांत बांधून, खालीं खुंट न ठोकतां, तळावर टेकविले होते. बांध जातांच प्रवाह मोकळा सुटला, खांबांखालचा तळ झिजूं लागला. डागडुजी पुष्कळ झाली. अखेर १८६२ मध्यें तेथें दुसरा पूल आला.