अप्लाय नावाचं काही नाही

तर झालं असं, मागच्या महिन्यात वाळूजहून फोन आला. २००३ साली मी तिथल्या एका छोट्या कारखान्यासाठी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. इतकी वर्षं चालला हेच खूप, असं म्हणून टाळता आलं असतं. पण गेलो. प्रिंटला कंस घातले, थोडी डागडुजी केली, आणि पुढची एरर आली: अप्लाय नावाचं काही नाही.

चक्क वाईट वाटलं. का ते सांगतो. (घरच्यांनी पळून जाऊ नये, सोपं आहे.)

मशिनवरून येणाऱ्या फाइलीत प्रत्येक ओळीला आधी कामाचं नाव असायचं, सरासरी काढ, सगळ्यात मोठं सांग वगैरे, आणि पुढे मोजमापं. कधी तीन, कधी सात. मी आधी भलीमोठी शिडी रचली होती: एक मोजमाप असेल तर फंक्शनला असं बोलवा, दोन असतील तर तसं... आठपर्यंत. एक दिवस नऊ मोजमापांचा पार्ट आला आणि सगळं ठप्प! त्या रात्री मला अप्लाय सापडलं. फंक्शन द्या, अर्ग्युमेंटची लिस्ट द्या, झालं. आई वाण्याला एकेक जिन्नस सांगत बसायची नाही, यादी पाठवायची, तसंच. यादीत किती ओळी आहेत हे नेणाऱ्याला कळायची गरज नाही. (कामाचं नाव मात्र माझ्या डिक्शनरीत असेल तरच चालायचं. फाइल म्हणेल ते आपण चालवायचं, हे धोक्याचं.)

हा शब्द जॉन मॅकार्थीच्या १९६० च्या लिस्पवरच्या पेपरात आहे. कुठलंही फंक्शन आणि त्याची अर्ग्युमेंट हाती दिली की उत्तर काढून देणारं एकच फंक्शन लिहिता येतं, हे त्याला कागदावर दाखवायचं होतं. अप्लाय ते, आणि त्याचा जोडीदार इव्हॅल. स्टीव्ह रसेल म्हणाला, हा इव्हॅल मी मशिनवर बसवतो. मॅकार्थीला वाटलं, हा थिअरी आणि प्रत्यक्ष यांची गल्लत करतोय. रसेलने आयबीएम ७०४ वर तो चालवून दाखवला. मला या गोष्टीत रसेलच जास्त आवडतो.

पण काम एकीकडे आणि त्याचा माल दुसरीकडे, ही कल्पना त्याहून जुनी. बॅबेजच्या कधीच पूर्ण न झालेल्या अ‍ॅनालिटिकल इंजिनात कोणतं गणित करायचं त्याची कार्डं वेगळी होती, आणि कोणत्या आकड्यांवर करायचं त्याची वेगळी. एडा लव्हलेसने १८४३ च्या टिपांमध्ये या फरकावर मुद्दाम बोट ठेवलंय. कार्डांची युक्ती त्याने उचलली जॅकार्डच्या मागावरून, आणि मागाचा विषय निघाला की आपल्या गावाचा हिमरू आलाच.

हिमरूच्या जुन्या मागावर दोघं लागत. खाली विणकर, वर जोडीदार. नक्षी जाळ्यात, म्हणजे धाग्यांच्या गाठींत बांधलेली. वरचा त्या गाठींप्रमाणे उभे धागे उचलणार, खालचा धोटा टाकणार. धोटा तोच, हात तेच; जाळं बदललं की वेलीच्या जागी बुट्टा. मग १८०४ चा जॅकार्ड आला, आणि तो जिथे पोचला तिथे वरच्या माणसाची जागा भोकं पाडलेल्या कार्डांनी घेतली. वर बसणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली असतील असं वाटत नाही.

अप्लायचंही तसंच झालं. २००० सालीच पायथनने लिस्टच्या आधी नुसता स्टार टाकायची सोय केली. २००३ च्या २.३ मध्ये अप्लाय जुनं ठरवलं (म्हणजे मी शिकलो त्याच वर्षी, आमचं नशीब!), आणि २००८ च्या पायथन ३ मधून काढूनच टाकलं. जावास्क्रिप्टमध्ये ते अजून आहे, पण २०१५ पासून तिथेही तीन टिंबांनी बरंचसं काम भागतं.

असो. अप्लाय खोडलं, स्टार टाकला. सुपरवायझरने शेजारच्या मशिनची फाइल आणून दिली. पहिलीच ओळ नऊ मोजमापांची निघाली.