मूत्रपिंडाची सुई-बायोप्सी : सुरक्षितता व गुंतागुंत

लघवीतून प्रथिने किंवा रक्त जाऊ लागले, अथवा मूत्रपिंडाचे काम मंदावले आणि कारण सापडेना, तर पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासतात. डेन्मार्कमधील इव्हरसन व ब्रुन यांनी १९५१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. शिकागोचे कार्क आणि म्युर्के यांनी १९५४ मध्ये रुग्णाला पालथे निजवून ती बरीच भरवशाची केली.

आज सुई सोनोग्राफीत पाहत घालतात. पोटाखाली उशी असते, कातडी बधिर केलेली असते आणि रुग्ण जागा असतो. बहुधा डाव्या मूत्रपिंडाचे खालचे टोक निवडतात. तिथे मोठ्या रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा धोका कमी. ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर सुईची स्प्रिंग सुटल्याचा ‘टक्’ आवाज येतो. तो आधी ऐकवून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी रुग्ण दचकत नाही. निघणारा तुकडा जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा. एका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख केशिकागुच्छ असतात. त्यांतले दहा-वीस तुकड्यात आले तरी निदानाला बहुधा पुरतात. ‘किडनीला भोक पाडतात, मग ती निकामी होते’ ही भीती म्हणूनच निराधार आहे.

खरी गुंतागुंत रक्तस्रावाची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लाखाहून अधिक बायोप्सींच्या आढाव्यात मूत्रपिंडाभोवती रक्त साकळण्याचे प्रमाण ११ टक्के, डोळ्यांना दिसेल अशी लाल लघवी ३.५ टक्के, रक्त चढवावे लागणे १.६ टक्के, रक्तस्राव थांबवण्यासाठी वेगळा उपाय करावा लागणे ०.३ टक्के आणि मृत्यू ०.०६ टक्के आढळला. साकळलेले रक्त बहुतेकदा आपोआप जिरते. क्वचित धमनी व शीर यांच्यात जोड तयार होतो. तोही बहुधा आपोआप बुजतो, नाही तर तारेच्या साहाय्याने आतून बंद करतात. आधीच अत्यवस्थ असलेल्या, मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या रुग्णांत धोका वाढतो.

आटोक्यात नसलेला रक्तदाब, रक्त न गोठण्याचा दोष, मूत्रपिंडातील जंतुसंसर्ग असेल तर बायोप्सी लांबणीवर टाकतात. आक्रसून लहान झालेल्या मूत्रपिंडाची ती सहसा करतच नाहीत. जोखीम जास्त, हाती लागणारे थोडे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती रुग्णाने न विचारता सांगावी. त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवतात, कारण हृदयात स्टेंट असलेल्याने त्या परस्पर बंद करणे घातक ठरते.

नाशिक जिल्ह्यात रक्त न गोठण्याच्या एका कारणाकडे विशेष लक्ष हवे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे भाताच्या आवणीच्या दिवसांत घोणस चावते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि मूत्रपिंडही बंद पडते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनीही पातळच राहिले, तर गोठण्याचा दोष आहे असे समजतात. तो दूर होईपर्यंत सुई घालायची नाही. यातील बरीच मूत्रपिंडे डायलिसिसच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. तीन-चार आठवड्यांनंतरही लघवी सुरू झाली नाही, तर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मृत झाला आहे का, हे बायोप्सीने किंवा सीटी स्कॅनने पाहावे लागते.

बायोप्सीनंतर रुग्णाला उताणे पडून राहायला सांगतात. नाडी, रक्तदाब आणि प्रत्येक वेळची लघवी पाहतात. २००४ मधील एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांनी घरी सोडले असते तर एक-तृतीयांश गुंतागुंती निसटल्या असत्या, असे दिसले. नाशिक शहरातला रुग्ण त्रास झाल्यास रात्री परत येऊ शकेल. सुरगाण्याच्या पाड्यावरच्याला घाट ओलांडून यायला वाहन मिळेलच असे नाही. त्याला रात्रभर ठेवून घेणेच योग्य. पुढचे एक-दोन आठवडे ओझे उचलू नये, दुचाकीवर खडबडीत रस्त्याने जाऊ नये. लघवीत गुठळ्या, लघवी अडणे, कंबरेत वाढती कळ, घेरी किंवा ताप यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.