हळदीपूरची अरुणा आणि केईएमच्या परिचारिका

अरुणा शानबाग हे नाव आपण मुंबईच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पण ती आपल्या बाजूची, कारवार जिल्ह्यातल्या हळदीपूरची, कोकणी घरातली मुलगी. जन्म १९४८चा. तेव्हा तो मुलूख बेळगावसारखाच मुंबई प्रांतात होता; १९५६ला दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. हद्द बदलली, पण नोकरीसाठी मुंबई गाठायची वाट काही मोडली नाही. त्याच वाटेने अरुणा परळच्या केईएममध्ये परिचारिका झाली.

२७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयाच्या तळघरात एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला, ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. खटला खुनाचा प्रयत्न आणि चोरीचा झाला, लैंगिक अत्याचाराचा नाही. शिक्षा ७ वर्षं. परिचारिकांनी तेव्हा संप केला होता, अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही.

योगायोग बघा. याच १९७३मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने आपली आचारसंहिता बदलली. १९५३च्या संहितेत डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळणं हे परिचारिकेचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं होतं. नव्या संहितेत पहिली जबाबदारी रुग्णाची. कागदावरचा हा बदल मोठाच होता. पण केईएमच्या वॉर्डात जे घडलं ते कागद वाचून घडलं, असं मला वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवायचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला, पालिकेला माघार घ्यावी लागली. म्हणजे इथे आज्ञा मोडली गेली, आणि तीही रुग्णासाठी. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं चालूच राहिलं. ३७ वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने निकालात नोंद घेतली. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी घरात सांभाळलंय त्यांना या एका ओळीचं वजन कळेल.

मी तीसेक वर्षं यंत्रांच्या देखभालीत काढली. पाळी बदलताना लॉगबुकात चार ओळी असतात, पण खरं यंत्र जुना माणूस नव्याच्या हाती देतो तो बोलून आणि दाखवून. परिचारिकांची नीती मला तशीच वाटते. शपथ सगळ्याच घेतात. पण 'ही आपली आहे' हे शिकवते ती वॉर्डातली सीनियर सिस्टर.

मात्र याची दुसरी बाजू लपवू नये. अरुणाला अन्न देणं थांबवावं अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९मध्ये केली, तीही कळवळ्यातूनच. ७ मार्च २०११ला न्यायालयाने ती फेटाळली. तिच्या वतीने बोलायचा अधिकार विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं ठरवलं. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवायची वाटही देशात पहिल्यांदा उघडली. केईएममध्ये पेढे वाटले गेले. मला ते पेढे थोडे खटकतात. अरुणाला काय हवं होतं हे कुणालाच विचारता येत नव्हतं. आपल्यातलीच एक, आपल्याच रुग्णालयात मोडून पडली, ही बोच त्या सेवेत नव्हती का? असणारच. पण त्यामुळे सेवा खोटी ठरत नाही. अपराधीपणातून सुरू झालेलं कामही ४२ वर्षं नेटाने होऊ शकतं, आणि इथे ते झालं.

१८ मे २०१५ला न्यूमोनियाने अरुणा गेली. तिच्या अंत्ययात्रेत रडणाऱ्या परिचारिकांपैकी अनेकजणींचा १९७३मध्ये जन्मही झालेला नव्हता.