प्लग, पट्टा आणि किलोमीटरचा आकडा

मागच्या व्याख्यानात आपण चार स्ट्रोकच्या इंजिनाची जन्मकथा पाहिली. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. तो असा: इतिहास ठीक आहे हो, पण गाडीचे स्पार्क प्लग आणि टायमिंग बेल्ट नेमके बदलायचे कधी? एक मिस्त्री 30 हजार किलोमीटर सांगतो, दुसरा 1 लाख सांगतो, तिसरा म्हणतो चालतंय तोवर हात लावू नका.

इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा प्रश्न कशाला, असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं असं की याचं उत्तर इतिहासाशिवाय देताच येत नाही. हे तिन्ही मिस्त्री आपापल्या काळात बरोबर आहेत. सर्व्हिस बुकात छापलेला आकडा निसर्गनियम नसतो. त्या त्या काळचं पेट्रोल, धातू, रबर आणि कायदा या चौघांनी मिळून तो ठरवलेला असतो. हे चार बदलले की आकडा बदलतो. आज आपण तेच पाहणार आहोत.

ठिणगीची गोष्ट

1860 मध्ये पॅरिसमध्ये एतिएन लेन्वारने गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यात विजेच्या ठिणगीने गॅस पेटवला जाई. म्हणजे स्पार्क प्लग हा मोटारगाडीपेक्षा वयाने मोठा आहे. पण ठिणगी भरवशाची नव्हती. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. या प्रवासात तिने इंधनाची चोंदलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि इग्निशनच्या उघड्या पडलेल्या तारेला मोज्याच्या इलॅस्टिक बंदाने इन्सुलेशन केलं. म्हणजे बघा, पहिल्याच लांबच्या सफरीत इग्निशन दुरुस्त करावं लागलं!

1902 मध्ये श्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. आजचा प्लग त्याचाच वंशज: मधोमध एक इलेक्ट्रोड, भोवती चिनीमातीसारखं इन्सुलेटर, बाहेर आट्यांचं कवच आणि त्याला वाकवलेला दुसरा इलेक्ट्रोड. या दोघांमधली फट म्हणजे गॅप.

आता थोडा हिशेब करू. समजा गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेतंय. म्हणजे एका किलोमीटरला अडीच हजार फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे एका प्लगला किलोमीटरमागे साडेबाराशे ठिणग्या. 40 हजार किलोमीटरला झाल्या 5 कोटी! प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडवरचा अगदी सूक्ष्म कण घेऊन जाते. कडा गोल होतात, गॅप वाढते, ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज मागते. मग चढावर, ओव्हरटेक करताना गाडी मिसिंग मारते, ॲव्हरेज पडतं, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो.

प्लगचा हा एक चांगला गुण लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. प्लग मरण्याआधी कुरकुर करतो.

शिसं आणि काजळी

पण जुन्या काळी प्लग झिजून मरण्याआधी घाण होऊन मरत असे. याचं मोठं कारण पेट्रोलमध्ये होतं. 1921 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली याला आढळलं की टेट्राएथिल लेड पेट्रोलमध्ये घातलं की इंजिनाचं नॉकिंग थांबतं. 1923 पासून असं पेट्रोल विकलं जाऊ लागलं. त्यातल्या शिशाची पुटं प्लगच्या इन्सुलेटरवर चढत, आणि प्लग तापला की वीज गॅपमधून न जाता त्या पुटावरून पळून जाई. प्लगला आपली घाण स्वतः जाळायला टोक साधारण 500 अंश सेल्सियसच्या आसपास तापावं लागतं. ट्रॅफिकमध्ये रखडणारी गाडी तिथवर पोचतच नाही, म्हणून काजळी साचते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी होती त्यांना हे सांगायला नको. काही हजार किलोमीटर झाले की प्लग काढायचे, वायर ब्रशने घासायचे, फिलर गेजने गॅप लावायची, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे. चांगला मिस्त्री प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगत असे. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे इंजिन फार तापतंय. 'चालतंय तोवर हात लावू नका' असं त्या काळचा मिस्त्री म्हणालाच नसता, कारण त्याचा हात सतत तिथेच असे.

कायदा येतो

1970 मध्ये अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा झाला. गाडीने धुराची मर्यादा पहिल्या दिवशी पाळून भागणार नव्हतं. 5 वर्षं किंवा 50 हजार मैल, यातलं जे आधी येईल तोवर ती पाळायची होती. 1990 मध्ये कायदा सुधारला आणि ही मुदत 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत नेण्यात आली. आज आपल्या सर्व्हिस बुकात 'जे आधी येईल ते' हे शब्द दिसतात, ते असे कायद्याच्या भाषेतही होते.

याचा प्लगशी संबंध काय? धूर स्वच्छ करायला 1975 च्या मॉडेलपासून तिकडच्या बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसं त्याला निकामी करतं, म्हणून शिशाविना पेट्रोल आलं. आणि एक प्लग जरी मिसिंग मारू लागला तरी न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. म्हणजे आता प्लग दीर्घायुषी असणं ही गाडी बनवणाऱ्याचीच गरज झाली. निकेलच्या जागी प्लॅटिनम आणि पुढे इरिडियमचं टोक आलं. निकेल 1455 अंशांना वितळतं, इरिडियम 2400 अंशांच्याही वर. त्यामुळे इरिडियमचा इलेक्ट्रोड सुईसारखा बारीक ठेवला तरी टिकतो.

आपल्याकडे 1995 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिशाविना पेट्रोल आणि कन्व्हर्टर आले. फेब्रुवारी 2000 पासून देशभर पेट्रोल शिशाविना झालं. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत प्लगचा मुख्य शत्रूच नाहीसा झाला. आता तिन्ही मिस्त्रींचे आकडे जुळवा. साध्या निकेलच्या प्लगला ढोबळमानाने 30 ते 40 हजार किलोमीटर, प्लॅटिनम-इरिडियमला 1 लाखाच्या आसपास. आपल्या गाडीत कोणता आहे हे पुस्तकात पाहायचं. आणि जुन्या सवयीने इरिडियमवर वायर ब्रश मारायचा नाही, ते बारीक टोक त्याने खराब होतं.

शिवणयंत्रातला पट्टा

आता टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. खाली क्रँकशाफ्ट, त्यावर पिस्टन. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा, हे प्रमाण क्षणभरही चुकता कामा नये. हे काम पूर्वी गिअर किंवा चेन करत असे. पद्मिनीत चेनच होती.

दातेरी रबरी पट्टा आला तो शिवणयंत्रातून. 1940 च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीने तो तयार केला तो सिंगरच्या यंत्रात सुई आणि बॉबिन एका तालात फिरावेत म्हणून. मोटारीच्या मोठ्या उत्पादनात तो प्रथम आला 1962 मध्ये, बव्हेरियातल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीच्या 1004 या गाडीत. 1966 मध्ये फियाटसाठी आउरेलियो लाम्प्रेदीने आपल्या ट्विन-कॅम इंजिनात तो वापरला. 1973 च्या तेलसंकटानंतर लहान, हलकी, कमी पेट्रोल पिणारी इंजिनं हवी झाली आणि पट्टा सर्वत्र पसरला. तो स्वस्त, हलका, आवाज न करणारा, आणि त्याला तेल लागत नाही. आपल्याकडे तो घरोघरी पोचला डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मधून.

पण या सोयीची एक किंमत होती. चेन सैल झाली की बहुधा खडखडाट करते. पट्टा बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. प्लास्टिकच्या कव्हरमागे असतो, दिसतही नाही. आणि जास्त कॉम्प्रेशनच्या अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेवर हक्क सांगतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. पट्टा तुटला की ही वेळ मोडते. पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं. काही हजारांचा पट्टा वाचवायला गेलेल्याचं इंजिन जातं. शिवाय गाडी धावत असतानाच इंजिन बंद पडतं, ते वेगळंच.

म्हणून प्लगचा नियम पट्ट्याला लावता येत नाही. प्लग कुरकुर ऐकून बदलता येतो, पट्टा फक्त तारीख बघून. सुरुवातीचे निओप्रीनचे पट्टे उष्णतेने कडक होत, भेगा पडत. पुढे जास्त उष्णता सोसणारं रबर आलं, आत काचतंतूंच्या दोऱ्या होत्याच, आणि आकडा 60 हजारांवरून 1 लाख किलोमीटर आणि त्याही पुढे सरकला. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आजोबांची गाडी दहा वर्षांत 25 हजारच चालली, एकदम नव्यासारखी, असं आपण कौतुकाने सांगतो. तिचा पट्टा मात्र दहा वर्षांचाच आहे. 'जे आधी येईल ते' यातलं वर्ष अशा गाड्यांसाठी लिहिलेलं असतं.

2000 नंतर अनेक कंपन्या पुन्हा चेनकडे वळल्या. त्यामुळे रस्त्यावर आज दोन्ही आहेत. स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये चेन, डस्टरच्या 1.5 डिझेलमध्ये पट्टा. शेजाऱ्याने बदलला म्हणून आपण बदलायचा किंवा नाही म्हणून सोडायचा, हे इथे चालत नाही.

कागद कुठाय?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पद्मिनीच्या काळात गाडीचं ज्ञान मिस्त्रीच्या डोळ्यात आणि बोटांत होतं. गाडी विकली तरी नवा मिस्त्री प्लग काढून वाचू शकत होता. आज तेच ज्ञान आकड्यांत आणि नोंदींत गेलंय. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते, सर्व्हिस बुक हरवतं, आणि तोंडी इतिहास तेवढा उरतो: "बेल्ट बदललाय, साहेब." कधी? किती रनिंगला? बिल?

आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत, पुराव्याशिवाय मानायचं नाही हे आपल्याला शिकवलेलं आहे. जुनी गाडी घेतली, बेल्टची आहे, आणि कागद नाही, तर तो बदललेलाच नाही असं धरायचं. पट्ट्यासोबत टेन्शनर, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही, कारण पुन्हा तेवढंच सगळं उघडावं लागतं. आणि बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवायचं. पुढच्या मालकासाठी तोच आपला ऐतिहासिक दस्तऐवज.

पुढच्या वेळी आपण कार्ब्युरेटर कसा आला आणि का गेला ते पाहू.