जहागीर सोडणारे दरबारसाहेब आणि त्यांच्या भक्तिबा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी “काही इतिहासातले लिहा” असे आमच्या अध्यक्षबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दुपारची कामे उरकली की वाचायची आवड आहे. इतिहासात राज्य मिळवणारे पुष्कळ भेटतात. हातातले राज्य जाईल हे ठाऊक असूनही मागे न हटणारे थोडे. तसे एक गृहस्थ गुजरातेत होऊन गेले. त्यांचे नाव दरबार गोपाळदास देसाई.

त्यांचा जन्म १८८७ साली खेडा जिल्ह्यातील वसो गावी झाला. आईचे वडील अंबाईदास यांनी त्यांना दत्तक घेतले. त्यामुळे वसोच्या जहागिरीबरोबर सौराष्ट्रातील ढसा व रायसांकळी ही लहानशी संस्थानेही त्यांच्याकडे आली. तिकडे अशा धन्याला ‘दरबार’ म्हणत. पण या दरबारसाहेबांचा जीव डामडौलात रमला नाही. मोतीभाई अमीन यांच्या सोबतीने त्यांनी १९१५ च्या सुमारास वसोला माँटेसोरी पद्धतीची बालशाळा काढली. याच मोतीभाईंकडून गिजुभाई बधेका यांना या पद्धतीची ओळख झाली. गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले व तेथेच आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर काम केले. पुढे ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या. आपल्या मुलांच्या बालवाडीचा धागा असा दूर वसोपर्यंत जातो!

असहकाराची चळवळ आली आणि दरबारसाहेब उघडपणे गांधीजींच्या बाजूला गेले. सरकारने समज दिली, पण ते मागे हटले नाहीत. शेवटी १९२२ साली सरकारने त्यांचे संस्थान काढून घेतले.

येथे माझे मन भक्तिबांपाशी थांबते. भक्तिबा या त्यांच्या पत्नी. लिंबडीच्या दिवाणांची मुलगी, म्हणजे माहेरही भरलेले आणि सासरही. पुरुषाने एका शब्दात राज्य सोडले, तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची कोणी, मुलांना काय सांगायचे, हा प्रश्न घरातल्या बाईपुढेच येतो. त्यांनी ठरवले असते तर नवऱ्याला परत फिरवणे अवघड नव्हते. सरकारलाही तेच हवे होते. पण भक्तिबा नुसत्या सोसत बसल्या नाहीत, त्याही चळवळीत उतरल्या.

१९२३ च्या डिसेंबरात बोरसद तालुक्यात सत्याग्रह झाला. दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी जादा पोलीस आणले व त्याचा खर्च म्हणून सरकारने प्रत्येक मोठ्या माणसावर दोन रुपये सात आणे कर बसवला. वल्लभभाई पटेल पुढारी होते, दरबारसाहेब त्यांच्या सोबत होते. जप्तीवाले आले की नगारे वाजत व दारांना कुलपे लागत. दिवसा गाव बंद आणि व्यवहार रात्री. गुरेसुद्धा घरात कोंडलेली! त्या घरांतल्या बायकांनी सैपाक-पाणी कसे निभावले असेल, हे आपल्यालाच कळेल. जानेवारी १९२४ मध्ये सरकारने तो कर मागे घेतला.

१९२८ च्या बारडोलीच्या लढ्यात मिठूबेन पेटीट, मणिबेन पटेल यांच्याबरोबर भक्तिबाही गावोगाव हिंडून बायकांना धीर देत होत्या. पुढच्या कायदेभंगात दोघांनीही तुरुंग पाहिला. नडियादला मुलींसाठी विठ्ठल कन्या विद्यालय उभे करण्यातही दोघांचा हात होता. १९३८ साली हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा दरबारसाहेब स्वागताध्यक्ष होते. ते घटनासमितीचेही सभासद झाले.

१९४७ साली त्यांचे संस्थान त्यांना परत मिळाले. पंचवीस वर्षे ज्याच्यासाठी हाल सोसले, ते आता ठेवून घ्यावे असे कोणालाही वाटले असते. पण त्यांनी ते भारतात विलीन करून टाकले. असे करणाऱ्या पहिल्या संस्थानिकांपैकी ते एक. ५ डिसेंबर १९५१ रोजी ते वारले. भक्तिबांनी त्यांच्यामागेही काम सोडले नाही.

त्याग पुरुषाच्या नावावर लिहिला जातो, त्याची किंमत मात्र सारे घर भरते, असे मला वाटते. आपल्याही आज्या-पणज्यांत अशा कितीतरी असतील. त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत. तेव्हा प्रत्येकीने आपल्या घरातील अशा एका बाईची हकीगत लिहून आणावी व पुढच्या स्मरणिकेत ती छापावी, एवढी माझी मंडळाला विनंती आहे.