गोडादऱ्यातील अहिराणी

सुरतेतील लिंबायतच्या पलीकडचे गोडादरा हे एके काळी स्वतंत्र गाव होते. आज ती शहरातीलच दाट वस्ती आहे. यंत्रमाग आणि कापडाच्या कारखान्यांतील कामासाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडील असंख्य कुटुंबे या भागात स्थायिक झाली. शेजारी त्यांना ‘मराठी’ म्हणतात. त्यांच्या घरात मात्र अहिराणी बोलली जाते.

या बोलीचे कुळ कोणते, हा वाद जुना आहे. ग्रियर्सन यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भाषिक पाहणीच्या भागात खानदेशीला भिल्ली भाषांच्या पंक्तीत बसविले व तिचे नाते गुजरातीशी जोडले. त्यास आधार नव्हता असे नव्हे. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘रामाचा’ला ‘रामना’ म्हणतात. गुजरातीतील ‘छे’ आणि ‘रामनो’ ऐकल्यावर साम्य सहज ध्यानात येते. परंतु ‘माले’, ‘तुले’ ही रूपे वऱ्हाडीची आठवण देतात. मराठीच्या अभ्यासकांनी तिला मराठीची बोली मानले, ते अगदीच निराधार नाही. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा खानदेश महाराष्ट्रात राहिला, तर शेजारचा डांग गुजरातेत गेला. तेथील डांगी बोलीवरही दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेला होता.

जनगणनेत खानदेशीची गणना स्वतंत्र भाषा म्हणून होते. २०११ साली ती मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक होते. ज्यांनी ‘मराठी’ असे सांगितले ते अर्थातच यात नाहीत. युरोपातील स्लोव्हेन भाषा सुमारे वीस लाखांची. तिच्या बोलींचे सात गट मानले जातात, तरी राज्याची भाषा म्हणून तिला मान आहे. तेव्हा प्रश्न संख्येचा दिसत नाही.

बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. (त्यांची लेवा बोली आणि अहिराणी एकच नव्हेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) पण तशाच वळणाने बोलणारा मुलगा वर्गात उभा राहिला की त्याची वाक्ये ‘सुधारली’ जातात. पुण्यात जो गावंढळ ठरतो, तोच सुरतेत मराठीचा प्रतिनिधी होतो! सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांत अशा मुलांना पुस्तकी मराठी ही घरची भाषा म्हणून शिकविली जाते. प्रत्यक्षात ती त्यांना नव्यानेच आत्मसात करावी लागते. गुजराती आणि हिंदी तर रस्त्यावर भेटतातच. पुढे आईबापच लेकरांशी अहिराणी बोलणे टाळू लागतात.

श्रावणात कानबाईचा उत्सव येतो. तिची गाणी मात्र सुरतेतील खानदेशी घरांतूनही अहिराणीतच म्हटली जातात.